तातेरावांची असेंबल्ड गाडी

"बाबा, कोबोलच्या कोर्सला ग्राफिक्स कार्ड लागत नाही," विकी तिसऱ्यांदा म्हणाला.

"आज लागत नाही. उद्या लागलं तर?" तातेराव भाकरी मोडत म्हणाले. "शिक्षणात हात आखडू नाही माणसानं. मी सांगूलालो न, कार्ड घ्यायचं. थ्रीडी."

"अहो, कोबोलमध्ये काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं येतात. तीबी एका रंगाची. त्याच्यात थ्रीडी काय करायचंय? अमीरपेटच्या क्लासचे सर हसतील मला."

"हसू दे. सरला काय कळतंय."

चतुराबाई चुलीपाशी बसून दोघांचं ऐकत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडं एकदा पाहिलं. ती नजर तातेरावांना ओळखीची होती, म्हणून ते ताटात खाली बघून जेवू लागले.

इतर घरांत हे नाटक कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगं म्हणतं, अभ्यासाला कॉम्प्युटर पाहिजे. बाप संशय घेतो, कुरकुरतो, शेवटी आणतो. मग पोरगं दार लावून घेतं आणि आतून गोळीबाराचे आवाज येतात. त्या वर्षी तर हैदराबादेत ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी यंत्रं बंद पडणार आणि ती चालू करायला आपलीच पोरं अमेरिकेला जाणार, असं चहाच्या हॉटेलातला पोऱ्यासुद्धा सांगायचा. पण बरकतपुऱ्यातल्या तातेरावांच्या दोन खोल्यांत सगळं उलटं चाललं होतं. पोरगा खरोखरच अभ्यास करणारा निघाला होता, आणि बाप त्याच्या अभ्यासाच्या नावाखाली गाड्या पळवायचं यंत्र घरात आणायच्या खटपटीत होता.

तातेराव महामंडळाच्या सिटी बसवर ड्रायव्हर होते. हिंगोलीकडून पोटासाठी आले, क्लीनर म्हणून गाडीला लटकले आणि बघता बघता स्टेअरिंगवर बसले. आयुष्यभर बस चालवली, पण कुणाच्या सायकलचं मडगार्डसुद्धा चेपलं नाही. आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत उजवा डोळा नापास झाला. डॉक्टर भला माणूस होता, हळू आवाजात सांगितलं, पण शिक्का मारलाच. दुसऱ्या दिवसापासून तातेराव डेपोच्या गेटवर. गेट उघडायचं आणि लावायचं. त्यांची बस दुसराच कुणी तरी गिअर करकरवत बाहेर काढायचा आणि तातेराव त्याला गेट उघडून द्यायचे. तशाच अवस्थेत ते निवृत्त झाले. घरची स्कूटर चतुराबाईंनी त्याआधीच विकून टाकली होती. "तुमच्या डोळ्यापायी कुणाचं लेकरू जायचं," एवढंच म्हणाल्या.

डोळा गेला, पण पायाला ते कुणी कळवलं नव्हतं. झोपेत त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा. चतुराबाईंनी दोन-चार लाथा सोसल्या आणि आपलं अंथरूण भिंतीकडं हलवलं.

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या पुष्करमुळं पेटलं. पुष्कर पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत होता, एकटाच राहायचा. पाण्याची टाकी भरल्याचं सांगायला तातेराव वर गेले, तर हा मोटार चालवत बसलेला. पडद्यावर डोंगर, वळणं, समोरून येणाऱ्या गाड्या.

"या काका, बघा चालवून," पुष्कर म्हणाला. "हे बाण दाबायचे फक्त."

तातेरावांनी बाण दाबले. पहिल्याच वळणाला त्यांचा उजवा पाय खाडकन जमिनीवर आपटला आणि टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा सरकून भिंतीला लागला.

"काका, ब्रेक वर कीबोर्डवर आहे! खालचा बाण!"

"बोटानं ब्रेक लावतात का बाप्पा?" तातेराव ओरडले. पण उठले नाहीत. पुष्करचा चहा झाला, अंघोळ झाली, तरी ते तिथंच होते. एका डोळ्यानं चालतंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पडदा समोरच असतो, कडेचं काही बघावं लागत नाही. शेवटी पुष्कर ऑफिसला निघाला तेव्हा त्यानं सांगितलं की याला खरं स्टेअरिंगही जोडता येतं, खाली पेडल असतात, मात्र मशीन दमदार पाहिजे. तातेराव हवेतच स्टेअरिंग फिरवत जिना उतरले. इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"इतका वेळ काय करूलालते वर?" चतुराबाईंनी विचारलं.

"पुष्करच्या नळाला पाणी चढत नव्हतं."

आता प्रश्न एकच उरला होता. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा, की एकेक भाग आणून जोडून घ्यायचा? पुष्करचं मत पक्कं होतं. "काका, ब्रँडेडच. असेंबल्डवाल्यांचा काही भरवसा नाही. आज दुकान आहे, उद्या तिथं ज्यूस सेंटर असतं. कंपनीचा घेतलात की वॉरंटी, सर्व्हिस, डोक्याला ताप नाही."

तातेरावांना ते पटलं. त्याला कारणही होतं. महामंडळात चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, कंपनीची यायची आणि तिच्यावर बॉडी महामंडळाच्याच कारखान्यात चढवायचे. इंजिन, गिअर, ब्रेक एक नंबर. आणि बॉडी? पहिल्या पावसाळ्यात गळायची, दुसऱ्या वर्षी खिडक्या नाचायच्या. इथं ठोकलं, तिथं जोडलं म्हटलं की तातेरावांच्या कानात खडखडाट सुरू व्हायचा.

म्हणून रविवारी तातेराव, पुष्कर आणि विकी असे तिघं आधी एका झगझगीत शोरूममध्ये गेले. दारात काच, आत थंडगार, आणि गळ्यात रुमाल बांधलेली मुलगी इंग्रजीतून नमस्कार करणारी. तिनं एक मशीन चालू करून दाखवलं. पडद्यावर सिंह आला, डरकाळी फोडली, मग त्याची सगळी माहिती आली.

"सिंह बरा आहे," तातेराव पुष्करला म्हणाले. "गाडी दाखव म्हणाव."

गाडी नव्हती. स्टेअरिंग जोडता येईल का, हे तिला ठाऊक नव्हतं. आतून एक टाय लावलेला माणूस आला. तो म्हणाला, यात वेगळं थ्रीडी कार्ड बसणार नाही, पण ऑफिसच्या कामाला उत्तम आहे. तातेराव खाली वाकले, डब्याला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मुलीनं काळजीनं पाण्याचा ग्लास आणला.

"चालू आहे न?" तातेरावांनी विचारलं.

"अहो काका, चालूच आहे. सायलेंट आहे. तेच तर चांगलं," पुष्कर म्हणाला.

"बॉनेट उघडा जरा."

टायवाल्यानं मागच्या स्क्रूवरचं कागदी सील दाखवलं. हे फाटलं की वॉरंटी गेली, म्हणाला. तातेराव सरळ उभे राहिले. इंजिनचा आवाज नाही आणि बॉनेट उघडायचं नाही, अशी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. विकीला मात्र ते मशीन फार आवडलं. "बाबा, हेच घेऊ. माझ्या कोर्सला एकदम पर्फेक्ट," तो म्हणाला. तातेरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू या घरात कोर्सचं नाव काढणारा हा कोण.

दुसऱ्या बाजूला लईकभाई होता. नारायणगुड्यात एका इराणी हॉटेलच्या वर त्याचं दुकान. दुकान म्हणजे खोलीभर वायरी, उघडे डबे आणि मधोमध स्टुलावर लईकभाई. तातेराव त्याला ओळखत होते, कारण त्याचे अब्बा महामंडळाच्या बॉडी कारखान्यात रिवेट मारायचे. हीच ओळख आड येत होती.

"आओ तातेराव साब, बैठो," लईकभाईनं खुर्चीवरच्या वायरी जमिनीवर लोटल्या. "कंपनी का डब्बा नक्को लेओ. अंदर क्या है किसकू मालूम? यहां एकेक चीज देखको लेओ, ठोकको लेओ."

"ठोकनेकाच डर है मियां," तातेराव म्हणाले. "तुम्हारे अब्बा के ठोके हुए खिडक्यां अब्बी तक बजतैं मेरे कान में."

लईकभाई खो खो हसला. "सही बोलरैं. हमारे घर की खिडकी भी बजतीच है."

मग त्यानं त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. हा मदरबोर्ड म्हणजे चासी. हे इंजिन, इथं बसतं. हे थ्रीडी कार्ड म्हणजे समोरची काच, जेवढी चांगली तेवढा रस्ता साफ दिसणार. पुष्करनं नाक मुरडलं, वॉरंटीचं विचारलं. लईकभाईनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मैं है ना." पुष्करला ही वॉरंटी पुरेशी वाटली नाही.

लईकभाईनं बाजूचा पत्रा काढलेला एक डबा चालू केला. पंखे गरगरले, आतून घूंऽऽ असा आवाज निघाला, टेबल बारीक थरथरलं. तातेरावांनी पत्र्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. पुष्कर कानात सांगत होता की हा आवाज म्हणजे दोष आहे. तातेरावांना ते ऐकूच आलं नाही.

तरीही हो म्हणवेना. आवाज म्हणाल तर लईकभाईचा, भरवसा म्हणाल तर कंपनीचा. आठवडाभर ते घरात येरझारा घालत होते. सकाळी ब्रँडेड, दुपारी असेंबल्ड, रात्री जेवताना पुन्हा विकीचं शिक्षण. शेवटी एका संध्याकाळी चतुराबाई शाळेतून आल्या. नारायणगुड्याच्या एका शाळेत त्या आया होत्या. पिशवी खाली ठेवली आणि समोर बसल्या.

"विकीच्या शिक्षणाचाच विचार करूलालो मी," तातेराव घाईघाईनं म्हणाले. "म्हणलं, पोराचं पुढं—"

"पोराचं नाव कामून घेता सारखं?" चतुराबाई म्हणाल्या. "पोरगं बिचारं तोंड लपवत फिरतंय. मला काय येडी समजले काय? झोपंत पाय विकीचे हलतात का तुमचे?"

तातेराव चोरी पकडल्यावर पोरं बघतात तसं भिंतीकडं बघू लागले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. तिकडूनही काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"मला एक सांगा," चतुराबाईंनी विचारलं. "त्याच्यात माणसं मरतात का?"

"न्हाई."

"आन् धडक झाली तर?"

"परत पहिल्यापासून चालू होतं."

चतुराबाईंनी थोडा विचार केला. "मग घ्या. आन् कुठलं घ्यायचं ते पुष्करला इचारू नका, लईकभाईला इचारू नका. बसणार तुम्ही. ज्याच्यात तुम्हाला गाडी वाटते ते घ्या."

तातेरावांनी पंच्यानं नाक पुसलं आणि त्याच पावली चपला घालून नारायणगुड्याला निघाले.

असेंबल्ड कॉम्प्युटर ऑटोतून घरी आला. लईकभाईनं जोडणी केली आणि सवयीनं विचारलं, "नारियल फोडना क्या, साब?" चतुराबाई म्हणाल्या, "आमच्यात नसतं ते," आणि त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या. तिघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. लईकभाईही टोपी सारखी करून शेवटपर्यंत अदबीनं उभा राहिला. विकीनं मात्र मध्येच डोळा उघडून मेणबत्त्या मॉनिटरपासून लांब सरकवल्या. स्टेअरिंग मुंबईहून मागवलेलं होतं. खोक्यातून ते निघालं आणि तातेरावांचा चेहरा पडला. त्यांच्या बसच्या स्टेअरिंगमध्ये माणूस बसला असता, आणि हे जेवणाच्या ताटाएवढं. पण खाली पेडल होते. त्यांवर पाय ठेवला आणि ताटाचं दुःख ते विसरले.

खरी गंमत पुढंच होती. विकीनं रेस लावून दिली. झेंडा पडला, सगळ्या गाड्या सुसाट निघून गेल्या. तातेराव पहिल्या गिअरमध्ये, मग आरशात बघून दुसऱ्या, शांतपणे चाळीसवर आले आणि तिथंच थांबले.

"बाबा, रेस आहे! दाबा!"

"नवीन इंजिन आहे," तातेराव म्हणाले. "रनिंग-इन व्हायचंय. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचं नसतं."

"बाबा, कॉम्प्युटरला रनिंग-इन नसतं!"

"तुझ्या कोबोलला नसंल."

वरून पुष्कर मजा बघायला आला होता. तो म्हणाला, "काका, आणखी एक. तो आकडा मैलांचा आहे."

तातेराव दचकले आणि ताबडतोब पंचवीसवर आले.

दुसरी अडचण म्हणजे समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्याच अंगावर येत होती. तातेराव डावी बाजू धरून, शिस्तीत. "सगळे राँग साईड!" ते ओरडले. "कुण्या गावचे ड्रायव्हर आहेत हे?" तिकडं उजवीकडून चालवतात, हे पुष्करनं सांगितल्यावर त्यांना मान्य करावं लागलं, पण मनातून त्यांनी त्या देशाला माफ केलं नाही. आणि मग मागून पोलिसांची गाडी आली, सायरन वाजवत. या खेळाची सगळी मजाच पोलिसांना चकवून पळण्यात आहे, असं विकी घसा फोडून सांगत होता. तातेरावांनी इंडिकेटरचं बटन शोधलं. ते नव्हतं. म्हणून त्यांनी खरा हात बाहेर काढला, गाडी हळूच कडेला घेतली आणि न्यूट्रलमध्ये टाकून पोलीस येण्याची वाट बघत बसले. हात नकळत शर्टाच्या खिशाकडं गेला, लायसन काढायला. खिसा रिकामा होता. हे फक्त चतुराबाईंनी पाहिलं. पोरं पोट धरून हसत होती, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत हरल्याचं आलं.

त्यानंतर रोज सकाळी तातेराव आधी पत्रा काढून पंखे बघायचे, वायरींना हात लावायचे, मग गाडी काढायचे. रोज शेवटचा नंबर यायचा. विकीचा अभ्यास त्यांची ड्यूटी संपल्यावर चालू व्हायचा. रात्री पाय हलायचे थांबले होते.

पंधरा-वीस दिवसांनी, एका रविवारी दुपारी, चतुराबाईंनी भांडी आवरली, हात पुसले, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि तातेरावांच्या मागं, थोडी डावीकडं, मांडून बसल्या.

"कुठं जाते ही?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर बर्फाचे डोंगर होते आणि सरळसोट उंच झाडं. "कुठंबी जाते," तातेराव म्हणाले. "तुला कुठं जायचंय?"

"अफझलगंजला उतरवा. मसाला घ्यायचाय."

तातेराव हसणार होते, पण हसले नाहीत. आजवर चतुराबाई त्यांच्या बसमध्ये बसल्या नव्हत्या. घरचं माणूस मागं बसलं की नजर आरशात जाते, रस्त्यावर राहत नाही, असं जुने ड्रायव्हर सांगायचे, आणि तातेरावांनी ते लग्नाच्या पहिल्या वर्षीच बायकोला सांगून टाकलं होतं. नारायणगुड्याच्या स्टॉपवर त्यांची बस आली की चतुराबाई मागं सरायच्या. बस निघून जायची, मग त्या पुढच्या बसमध्ये चढायच्या. पाऊस असो, पोटात विकी असो. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि तातेरावांनाही कधी त्यात काही वाटलं नव्हतं. आज एकाएकी वाटलं.

"सरकून बस आत," ते म्हणाले. "दांडा धर."

चतुराबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

गाडी निघाली. बाकीच्या गाड्या कधीच दिसेनाशा झाल्या. तातेरावांनी वळणं अलगद घेतली, खड्डे नव्हते तरी जपून घेतली. विकी पुस्तकातून डोकं काढून बघत होता. बऱ्याच वेळानं पडद्यावर अक्षरं चमकली.

"बाबा, संपली रेस. तुम्ही लास्ट आलात. आता बंद करा, मला बसायचंय."

"गप बस," चतुराबाई म्हणाल्या. "गाडी चालू आहे."

अक्षरं चमकत राहिली आणि तातेराव चालवत राहिले. दोन टेकड्या ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी जागा आली. त्यांनी वेग कमी केला, आणखी कमी केला, उभ्या माणसाला धक्का लागू नये इतक्या हळू गाडी कडेला आणली आणि थांबवली.

"अफझलगंज," ते म्हणाले.

चतुराबाईंनी पदर सावरला, पिशवी घेतल्यासारखा हात वर केला आणि उठल्या. मागं न बघता तातेराव थांबून राहिले. चतुराबाईंची पावलं फरशीवरून स्वयंपाकघरात पोचल्याचं कानांनी ऐकलं, आणि मगच त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.